जशी आहे तशी

पाय दाबला की पेडल थांबतं,
आणि मग चर्चपुढच्या तिठ्यावर उभा असताना
हळूहळू खाली जायला लागतं,
बोलता बोलता म्हाताऱ्याला डुलकी लागावी तसं.

फिदेलनं गाडी वर चढवली, दिवा धरला,
बोटानं दाखवलं : ही बघ नळी.
मागच्या चाकाकडे जाणारी, पेन्सिलीहून बारीक,
तपकिरी पापुद्रे सुटलेली,
एका जागी घाम आल्यासारखी ओली.
"मीठ," तो म्हणाला. पुढे काही नाही.

आमच्या शेटिकँपला नोव्हेंबर ते एप्रिल
रस्त्यावर मीठ टाकतात,
माणसं घसरू नयेत म्हणून.
आणि जे थांबवतं, तेच ते मीठ कुरतडतं.
अठरा हिवाळे हिनं मीठ खाल्लं,
माझ्या बोटीनंही इतकं खाल्लं नसेल.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
लोखंड जागत नाही.

दोन्ही नळ्या बदलायच्या तर सातशे चाळीस डॉलर.
एकच बदलली तर दुसरी उन्हाळ्याआधी जाईल,
हे त्यानं न विचारता सांगितलं.
गाडीचे बाराशे येतील, तेही गिऱ्हाईक घाईत असेल तर.
लॉब्स्टरच्या पावतीमागे मी हिशेब मांडला.
वजाबाकी मला शाळेतही आवडली नव्हती.

मेहुणा तेओफिल म्हणाला,
"तेल भरत राहा, दोन आठवडे निघतात.
विकली की गाडी तिची, नशीब तिचं."
त्यानं एक ट्रक असाच विकला होता, अठ्ठ्याण्णव साली.
अजून त्या माणसाची गाडी को-ऑपबाहेर दिसली
की तेओफिल दूध न घेता घरी येतो.

मी पुठ्ठ्यावर लिहिलं :
विकणे आहे. जशी आहे तशी.
किती सोयीचे शब्द.
खोटं बोलत नाहीत आणि काही सांगतही नाहीत.
ओबेलीननं खिडकीतून वाचलं,
"खाली अजून लिही," म्हणाली, "थांबत नाही,"
आणि बटाटे सोलायला लागली.

बुधवारी एक मुलगी आली, झेरालदीन नावाची,
इन्व्हर्नेसच्या इस्पितळात रात्रपाळीला जाणारी.
काखेत बाळाची सीट, बसते का बघायला.
विचारलं काय? हीटर चालतो का.
चालतो. उत्तम चालतो.
रेडिओ?
एकच स्टेशन.
मग मागच्या दारातून आत शिरून, गुडघा रोवून,
ती पट्टा ताणायला लागली.
सीट हलवून बघायची, पुन्हा ताणायची, पुन्हा हलवायची.
आणि इकडे माझा उजवा पाय
अंगणातल्या खडीत
आपोआप खाली दाबला जात होता.

"शनिवारी ये," मी म्हणालो. "चावी सापडत नाहीये."
चावी माझ्या हातात होती.
दोघांनाही दिसत होती.

ती गेल्यावर निघालो, वीसच्या वेगानं,
एक हात हँडब्रेकवर.
डोंगरावरून सुएत सुटला होता,
छपरं उचलणारा आमचा वारा.
जन्मभर त्याला शिव्या दिल्या;
त्या उतारावर पहिल्यांदा म्हणालो,
बाबा रे, समोरून ये.

शनिवारी तिचा काकाही आला.
दारावरच्या पोच्यावरून त्यानं बोट फिरवलं,
जीभ टाळ्याला लावून च्‌च्‌ केलं,
आणि दीडशे कापले.
कापू दिले.
फिदेलचं बिल खिशात होतं, चार घड्या घातलेलं.
काढलं असतं तर सांगावं लागलं असतं
की बुधवारी चावी का हरवली होती.

झेरालदीन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली.
माझ्यासमोर थांबली. गचकन.
काच खाली केली.
"ब्रेक जरा कडक वाटतात," म्हणाली.

"सवय होईल," मी म्हणालो.